होळीची रात्र, दोन ते आठ

आमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा नाटकाचा प्रयोग व्हायचा. त्यात नट एकच होता, आणि तो मी. महिन्याचा शेवटचा शनिवार, दुपारचा दीड. मेडिसिन विभागाच्या ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात दहा-बारा तरुण डॉक्टर भिंतीला टेकून उभे. कोणाच्या हातात अर्धा समोसा, कोणी उभ्या उभ्या झोपलेलं. मी ऑफिसातून हातात चार्ट पेपरची गुंडाळी घेऊन बाहेर यायचो, चष्मा नाकावर ओढायचो, घसा खाकरायचो आणि पुढच्या महिन्याच्या रात्रपाळ्या वाचून दाखवायचो.

वाचून कसल्या, वठवायचो! "सात तारखेची रात्र..." म्हणून थांबायचो. समोशाचा घास तोंडातच राहायचा. "सात तारखेची रात्र, वॉर्ड..." पुन्हा थांबायचो. एखादी पोरगी ओरडायची, "काका, जीव घेता का आता!" मग मी नाव घ्यायचो. ज्याचं नाव नसायचं तो टाळ्या वाजवायचा, ज्याचं असायचं तो छातीवर हात ठेवून भिंतीवरून खाली घसरायचा. लहानपणी दिग्रसला गणपतीच्या नाटकांत मी राजे, पोलीस आणि एकदा विधवा आत्याही झालो होतो. पण तिथल्या एकाही प्रयोगाला एवढा एकचित्त प्रेक्षक मिळाला नाही.

दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर विभागप्रमुख साहेबांना वाटेल हा आमच्याबद्दल बोलतो, आणि मला बोलायचंय ते माझ्याबद्दल. यवतमाळ जिल्ह्यातला मोठा दवाखाना, लागून कॉलेज, एवढं पुरे. एमबीबीएस होऊन पुढचं शिकायला आलेली पोरं-पोरी इथेच राहतात, दिवसा शिकतात आणि पाळीपाळीने रात्री आठ ते सकाळी आठ वॉर्ड सांभाळतात. कोणी कोणती रात्र करायची याची यादी खरं तर त्यांच्यातल्या सगळ्यात वरच्या वर्षाच्या डॉक्टरने करायची असते. पण जो यादी करतो त्याला महिनाभरात एकही मित्र उरत नाही. म्हणून ती हळूच घसरत घसरत क्लार्कच्या टेबलावर आली. क्लार्क मी. लोहाऱ्याहून रोज स्कूटरने यायचं आणि दुसऱ्यांच्या रात्री वाटायच्या, हे काम मी वीसेक वर्षं केलं आणि, खरं सांगतो, फार मजेत केलं.

माझी पद्धत ठरलेली होती. पंचवीस तारखेपर्यंत ज्याला जी सुट्टी हवी ती येऊन सांगायची. मी सगळं पेन्सिलने मांडायचो. शनिवारी प्रयोग, मग रडारड, अदलाबदल, खोडरबर. सोमवारी पेन, साहेबांची सही, आणि यादी वॉर्डाच्या दारावर. एकदा पेनने लिहिलं की विषय संपला.

सुट्टीसाठी जी कारणं यायची त्यांचं मला फार कौतुक. एकाची दाढ फक्त रविवारी दुखायची. एकाला मी म्हटलं होतं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या मावसबहिणीचं हे तिसरं लग्न. या बारीले तरी टिकू द्या." तो लाजला, मी सुट्टी दिली. मी कोणालाच शेवटी नाही म्हणत नसे. फक्त त्याआधी थोडं खेळवायचो.

ती मात्र काहीच मागत नसे. पहिल्या वर्षाची मुलगी, बारीक अंगाची, बोलणं कमी, दिग्रसच्या पुढच्या एका तांड्यातली. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. तिचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, बाप कापूस आणि तूर पिकवतो, आणि ही त्या तांड्यातली पहिली डॉक्टर. दिवाळीच्या तिन्ही रात्री तिने दुसऱ्यांच्या घेतल्या. संक्रांतीची घेतली. एकतीस डिसेंबरची तर, जी घ्यायला माणूस मिळत नाही, ती तिने स्वतःहून घेतली. मी म्हटलं, "डॉक्टरबाई, तुम्ही इतक्या चांगल्या कायले वागून राह्यल्या? मले भीती वाटते."

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली. "काका, मी जमा करून राह्यली. मले त्याच्या बदल्यात एकच पाहिजे. होळी."

मी भुवया उंच केल्या. जानेवारी चालू होता. "होळीले अजून दोन महिने आहेत."

"म्हणूनच आत्ता सांगते."

मग तिने सांगितलं. तिच्या वडिलांच्या घशात कॅन्सर निघाला होता. नागपूरला दाखवलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, होळीनंतरच्या आठवड्यात, आणि त्यात स्वरयंत्र काढून टाकायचं होतं. वडील लेंगी गायचे. लेंगी म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी. फाल्गुनात तांड्यातली माणसं डफावर फेर धरतात, एकजण ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. तांड्यात ओळ उचलणारा माणूस म्हणजे तिचा बाप. तिला आठवतं तेव्हापासून तोच.

"डॉक्टर म्हणाले आत्ताच आवाजावर जोर देऊ नका. बा म्हणे, होळीले एकदा गातो, मग कापा. मले ते ऐकाचं आहे काका. मंग तो आवाज नाही राहणार."

मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझी पद्धत मोडली. डायरीत होळीच्या तारखेपुढे तिचं नाव आणि 'सुट्टी' असं लिहिलं, आणि पेनने लिहिलं. तिला दाखवलंही, दोन्ही हातांनी डायरी उंच धरून. ती तेव्हा हसली. पुढे त्या महिन्याची यादी केली तेव्हा अख्ख्या चार्टवर पेन्सिल आणि त्या एका चौकोनात निळी शाई होती. शनिवारच्या प्रयोगात मी ती तारीख आली तेव्हा न थांबता वाचली. एवढा मान मी कोणाला दिला नव्हता.

होळीच्या दिवशी सकाळी ती पहिल्या एस.टी.ने गेली. दुपारी बाराच्या सुमाराला बातमी आली की त्या रात्री ज्याची वॉर्डात ड्यूटी होती तो डॉक्टर तापाने फणफणलाय, उठून बसवत नाही. साहेब म्हणाले, "कोणाला तरी लावा," आणि जेवायला गेले.

आता असं बघा, अशा वेळी माझ्या अंगात काहीतरी संचारायचं. बाकीचे सगळे लांबलांबच्या गावी गेलेले, रात्रीपर्यंत बोलावता येतील अशी माणसं दोनच उरलेली. एक तांड्यावर पोचलेली ती. दुसरा एक शहरातलाच डॉक्टर, ज्याचं घर दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, पण तो आदल्या रात्रीची ड्यूटी करून झोपला होता. मी डोकं लढवलं. अख्खी रात्र एकालाच कशाला? रात्रीचे दोन तुकडे करू. आठ ते दोन शहरातल्याला. दोन ते आठ तिला. होळी पेटते संध्याकाळी सात-आठला. नऊपर्यंत गाणं-बजावणं, दहाला पुरणपोळी, अकराला तिने निघायचं. तिची होळीही झाली, वॉर्डही सांभाळला गेला, शहरातल्या पोराला अर्धी तरी झोप मिळाली. कोणालाच नाही म्हणावं लागलं नाही. मी टेबलावर थाप मारली. वाटलं, काय डोकं आहे आपलं!

तिला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. मागे डफाचा आवाज येत होता, बायका हसत होत्या.

"डॉक्टरबाई, आपला सेवक बोलून राह्यला," मी सुरू केलं. झालेली अडचण सांगितली आणि वर माझी शक्कल.

"काका, पण आमची होळी..."

"तुमची होळी कोणी हिरावून नेत नाही! आठले पेटवा, पोटभर गाणी ऐका, अकराले भाऊ तुम्हाले गाडीवर आणून सोडीन. दोनले सही. म्या सगळं जमवलं."

आवाज तुटत होता. मागे डफ वाजतच होता. मग ती म्हणाली, "बरं काका."

मी घरी गेलो, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि बायकोला सगळी गोष्ट अभिनयासकट सांगितली.

दुसऱ्या दिवशी धुळवड. दवाखान्याला सुट्टी, पण मी सकाळी आठलाच गुलालाची पुडी खिशात घालून वॉर्डात गेलो. रात्र केलेल्यांना एकेक टिळा लावायचा, हा माझा दरवर्षीचा उद्योग. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती, अंगात अजून ऍप्रन, फोन कानाला घट्ट लावलेला. पण बोलत नव्हती.

"काय डॉक्टरबाई! कशी झाली होळी?"

तिने फोन खाली घेतला. "आत्ता झाली काका," ती म्हणाली. "पाच वाजता पेटवली."

मला कळेना. मी तसाच हसत उभा. तेव्हा वॉर्डाच्या दारातून आमच्या सिस्टर बाहेर आल्या. त्या झरी जामणीकडच्या, वयाने माझ्याएवढ्याच, आणि माझ्या नाटकांना कधीच न हसणाऱ्या.

"तांड्यावरची होळी पहाटे पेटते," सिस्टर म्हणाल्या. "उजाडाच्या आधी. रातभर जागतात, गातात, आन् पहाटे होळीपाशी खरं गाणं. आमच्या झरीकडच्या तांड्यातबी तसंच. तुम्ही तर दिग्रसचे ना? वीस वर्षं झाले लिस्ट लिहून राह्यले, एवढंबी माहीत नाही तुमाले?"

मी तिच्याकडे पाहिलं. "मंग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"बोलली होती," ती म्हणाली. मग फोन मांडीवर ठेवत, "तुम्ही इतके खूश होते काका. आन् वॉर्डात कोणीच नव्हतं. बानं खुणेनंच सांगितलं, जाय, लोकं वाट पाहत असतीन."

बाने आदल्या रात्री मुद्दाम आवाज राखून ठेवला होता. होळी पेटेपर्यंत बोलायचाही नाही, खुणा करायचा. ती निघाली तेव्हाही त्याने फक्त डोक्यावर हात ठेवला. भाऊ तिला मोटारसायकलवर सोडून अंधारातून परत गेला आणि वेळेवर पोचला. त्याने फोनवर थोडं रेकॉर्ड करून पाठवलं. ते सव्वापाचला आलं. तेव्हा तिच्यासमोर एक धाप लागलेला म्हातारा होता. ती आठ वाजता मोकळी झाली आणि मग तिने फोन कानाला लावला.

तिने मलाही ऐकवलं. मिनिटभराचं होतं. वारं, जळणाऱ्या गोवऱ्यांची तडतड, डफ, लोकांचा गलका. त्यात कुठेतरी खूप लांब एक चिरका, उंच आवाज ओळ उचलतो आणि लोक ती झेलतात, की तो आवाज बुडून जातो. एकदा गाणं थांबतं. तो आवाज काहीतरी विचारतो. कोणीतरी उत्तर देतं.

"काय म्हणून राह्यले?" मी विचारलं.

"पोरगी परत आली का, विचारून राह्यला," ती म्हणाली.

गुलालाची पुडी माझ्या हातात होती. मी ती परत खिशात टाकली. घरी गेल्यावर बायकोला शर्टाच्या खिशाला लागलेला डाग दिसला. तिने विचारलं, मी शर्ट काढून बादलीत टाकला.

त्या दिवसाबद्दल दोन गोष्टी मला आजही सोडत नाहीत. शहरातला तो डॉक्टर नंतर म्हणाला, "काका, म्या अख्खी रात केली असती ना! आमच्या घरी काय, पोळी खाऊन झोपाचंच होतं. मले विचारलं कायले नाही?" ही एक. आणि दुसरी ही की, लहानपणी दिग्रसला धुळवडीच्या पहाटे अंथरुणात असताना लांबून डफ ऐकू यायचा. दरवर्षी यायचा. मी कूस बदलून परत झोपायचो. तो कोण वाजवतं, कशासाठी, एवढ्या पहाटे का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. ती आठ दिवस रजेवर होती, परत आली, कामाला लागली. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, हेच मला कठीण जायचं. मी शनिवारचा प्रयोग बंद केला. पोरांना वाटलं काकांची तब्येत बरी नाही. सुट्टी मागायला कोणी आलं की मी आता फक्त विचारायचो, किती वाजता आहे? मुंज आहे? किती वाजता? बहिणीला पाहायला येणार? किती वाजता? पोरं वैतागायची. मी तारखेपुढे वेळ लिहून ठेवायचो.

वर्ष गेलं. पुन्हा होळीच्या महिन्याची यादी टेबलावर आली. मी तिला विचारायच्या आधीच त्या चौकोनात सुट्टी लिहायला पेन उघडलं होतं. ती आली आणि म्हणाली, "काका, होळीची रात मले लावा."

"काहून?"

"तिथं जाऊन काय ऐकू?"

मी पेन ठेवलं. पेन्सिल घेतली आणि तिचं नाव लिहिलं. दुसरं काय करणार होतो?

चार दिवसांनी तिचे वडील तपासणीसाठी आले. ओपीडीत बसायला जागा नव्हती म्हणून ती त्यांना माझ्या ऑफिसात घेऊन आली. पांढरं धोतर, लाल पागोटं, आणि गळ्यापुढे एक स्वच्छ पांढऱ्या कापडाची घडी बांधलेली. त्या घडीमागे ते भोक होतं, ज्यातून ते आता श्वास घेत होते.

"बा, हे काका. ड्यूट्या हेच लावतात."

वर्षभर मी मनात एक भाषण तयार केलं होतं. त्यात कुठे थांबायचं, कुठे हात जोडायचे, सगळं बसवलेलं होतं. मी उभा राहिलो आणि त्यातला एक शब्द आला नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, जोरात हलवला आणि तोंडभर हसले. तिने त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं होतं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

ते खुर्चीत बसले. त्यांची नजर टेबलावरच्या यादीवर गेली. बोट तारखांवरून खाली सरकवत गेले आणि होळीच्या तारखेवर थांबले. थोडं वाचायला येत असावं, निदान लेकीचं नाव तरी. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"बा, वॉर्डात माणूस लागते," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. ओठ पुन्हा हलले, या वेळी जास्त वेळ. तिला कळलं. मला नाही कळलं आणि मी विचारलंही नाही. तिने खिडकीकडे तोंड केलं. तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि ते नाव खोडायला लागले. खोडरबर जुनं, काळं पडलेलं. नाव गेलं आणि त्या जागी मोठा काळपट डाग आला. मग माणूस जे सहज करतो ते त्यांनी केलं. खाली वाकले, ओठांचा चंबू केला आणि खोडरबराचा चुरा फुंकायला गेले.

चुरा जागचा हलला नाही. तोंडातून वारा येणार कुठून? त्यांना ते क्षणभर कळलंच नाही. पुन्हा एकदा फुंकलं. मग हाताने तो चुरा झाडला आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळं हसले.

दारात शहरातला तो डॉक्टर कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "काका, माझं लिहा तिथं," तो म्हणाला. "आठ ते आठ." मी त्या डागावरच त्याचं नाव लिहिलं, पेनने. शाई फुटली. सोमवारी साहेबांनी सही करताना विचारलं की हे काय, नवीन कागदावर उतरवून घ्या. मी हो म्हटलं आणि तोच कागद दारावर लावला.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी ती कामावर आली. मी विचारलं, "किती वाजता पेटवली?"

"पाच-वीसले."

"आन् बा?"

"डफ वाजवला. ओळ उचलाले दुसरा होता, तरुण आहे. मधात विसरला. बानं डफ थांबवला आन् ओठ हलवले. त्यानं ओठ पाहून ओळ उचलली." तिने टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "मी अगदी समोर उभी होती काका. एका हाताच्या अंतरावर. काहीच ऐकू नाही आलं."

राऊंडची वेळ झाली होती. ती वॉर्डात गेली.